‘आमचं नाव कुणाकडून कळलं?’ : एक प्रश्न आणि एक वही

मी राजूरहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून अकोले तालुक्यातल्या गावोगावच्या गटांत माझं जाणं-येणं असतं. या कार्यक्रमात आपण हिशोबावर बऱ्याचदा बोलतो. आज एका अशा हिशोबाबद्दल बोलायचंय, जो आपल्या कॅशबुकात कधीच लिहिला जात नाही. दुकानदार, हॉटेलवाले, खानावळवाले, म्हणजे आपला माल घाऊक घेणारी माणसं, आपल्यापर्यंत पोचतात तरी कशी, हा तो हिशोब.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि आमच्या गटाची बैठक बसली. आम्ही बारा जणी. नागलीचे पापड, नागलीचं सत्व, कुरडया, हातसडीचा तांदूळ आणि घरचा मसाला असा आमचा माल. गटात एक आजी आहेत. त्यांचं काम एकच, नमुना पुड्या वाटायच्या. एका पुडीत दोन पापड, चिमूटभर मसाला आणि फोन नंबरची चिठ्ठी. एसटी स्टँडवर चालक-वाहक भेटले की त्यांना, भाजीची पिकअप घेऊन जाणाऱ्या पोरांना, शनिवारी घरी निघालेल्या शिक्षकांना, दवाखान्यातल्या नर्सबाईंना. महिन्याला साधारण सहाशे रुपयांचा माल त्यात जायचा.

मी कॅशबुक पुढे ठेवलं. नमुना पुड्या, खर्च महिना सहाशे. समोर जमेच्या रकान्यात काय? काहीच नाही. शेजारी प्रदर्शनाचा स्टॉल. भाडं, गाडी, जेवण धरून खर्च चार हजार, विक्री अकरा हजार. मोबाईलवरच्या जाहिरातीचे पंधराशे, आणि ती किती लोकांनी पाहिली याचा मोठा आकडा पडद्यावर. मी म्हटलं, “पुड्या बंद करूया. दिसतं तिथंच पैसा घालू.” आजी एवढंच म्हणाल्या, “बरं बाई, तू शिकलेली.” ठराव झाला, सह्या झाल्या.

पुढचे दोन महिने काहीच बिघडलं नाही. जुन्या दुकानदारांच्या ऑर्डरी येत होत्या. मला वाटलं, बघा, सहाशे रुपये वाचले. पण फेब्रुवारीत लक्षात आलं की नव्या दुकानदाराचा एकही फोन आलेला नाही. आणि त्याच सुमाराला संगमनेरचे एक किराणा दुकानदार माल न्यायला आले. त्यांची पहिली ऑर्डर आम्ही प्रदर्शनात घेतली होती, म्हणून ते आमच्या हिशोबात ‘प्रदर्शनाचं गिऱ्हाईक’. मी सहज म्हटलं, “दादा, आपली ओळख प्रदर्शनातलीच ना?”

ते हसले. म्हणाले, “प्रदर्शनात तर मी तुम्हालाच शोधत आलो होतो. माझे मेहुणे एसटीत चालक आहेत. राजूरच्या मुक्कामी गाडीवर असताना त्यांना कुणी आजींनी पापड दिले होते. बायकोनं तळले, मला आवडले. सहा महिने डोक्यात होतं. तुमचा स्टॉल लागलाय असं कळलं, मग आलो.”

मैत्रिणींनो, माझ्या कॅशबुकात ते अकरा हजार प्रदर्शनाच्या नावावर होते. खरं तर त्यातला मोठा भाग आजींच्या दोन पापडांचा होता. मी जमा बाजू बंद केली होती आणि खर्च वाचवला म्हणून खूश होते.

दुकानदाराची खरेदी घरच्या खरेदीसारखी नसते

आधी हे समजून घेऊ. आपण बाजारात जातो, लसणाची जुडी आवडली की घेतो. दुकानदार असं करत नाही. एखादं पाकीट आवडलं तरी तो लगेच मागवत नाही. त्याच्या मनात पाच शंका असतात. माल दर महिन्याला मिळेल का? चव तशीच राहील का? पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का? बिल मिळेल का? खराब निघालं तर परत घेतील का? माल पडून राहिला तर नुकसान त्याचं, आणि गिऱ्हाइकापुढे नाव जाईल तेही त्याचंच.

म्हणून तो विचारतो. पण आपल्याला नाही विचारत. शेजारच्या दुकानदाराला विचारतो, मेहुण्याला विचारतो, माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारतो. भंडारदऱ्याला शेंडीकडं हॉटेल चालवणारे आधी स्वयंपाक्याला विचारतात, कारण पापड तळायचे त्याला असतात. खानावळ बाईची असेल तर ती दुसऱ्या खानावळवालीला विचारते. नाव पहिल्यांदा कानावर पडणं आणि पहिली ऑर्डर येणं यांत दोन महिने जातात, कधी वर्षही जातं. मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला पर्यटक भंडारदरा, पुरुषवाडीकडं येऊ लागतात. तंबूवाले त्या आठवड्यात फोन करतात, पण आपलं नाव त्यांनी दिवाळीतच ऐकलेलं असतं.

आणि या सगळ्या बोलण्याची पावती कुठंच फाटत नाही. पारावर झालेलं बोलणं, लग्नाच्या पंगतीत पापड खाताना विचारलेलं “कुठले हो हे?”, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढं ढकललेला आपल्या दरपत्रकाचा फोटो. फोटोवर ‘फॉरवर्डेड’ एवढंच दिसतं, मूळ कुणी टाकला ते दिसत नाही. मोठ्या कंपन्यांचीही हीच अडचण आहे. त्यांच्याकडं मोजायची यंत्रं आहेत. कुणी जाहिरातीवर बोट ठेवलं की नोंद होते. पण एका माणसानं दुसऱ्याला खासगीत सांगितलेलं यंत्राला दिसत नाही. अमेरिकेतले पत्रकार ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ साली अशा न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं, म्हणजे अंधारातली वाट. वाट असते, त्यावर माणसं चालतात, पण आपल्याला त्यांचे पाय दिसत नाहीत.

मग होतं काय? जे मोजता येतं त्यालाच श्रेय मिळतं. शेतात पीक आलं की शेवटचं पाणी देणाऱ्याला शाबासकी आणि पेरणाऱ्याचं नावच नाही, तसं. मी नेमकं तेच केलं होतं.

ही गोष्ट नवी नाही

लिज्जत पापडाची कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या. ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकायची असं ठरलं. लक्षात घ्या, पहिलं गिऱ्हाईक दुकानदार होता आणि तोही ओळखीचा. ना बॅनर, ना फलक. तोंडोतोंडी नाव पसरलं आणि मग वाढत गेलं.

आपल्याच तालुक्यातलं बघा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या देशाला त्यांच्या गावरान बियाण्याची बँक कळली. पण पेपरात फोटो येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडचं घेवड्याचं, वालाचं, भाताचं बी या हातातून त्या हातात जात होतं. बी नेणारीला विचारलं असतं की तुला कुणी सांगितलं, तर ती एखाद्या बाईचंच नाव घेणार.

बियाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक जुना अभ्यास सांगते. अमेरिकेत आयोवा म्हणून मक्याचा प्रांत आहे. तिथं संकरित मक्याचं बी शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी २५९ शेतकऱ्यांना भेटून विचारलं. हा अभ्यास १९४३ साली छापून आला. त्यांनी फार शहाणपणाची गोष्ट केली, एकाऐवजी दोन प्रश्न विचारले. या बियाण्याबद्दल पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं? आणि घ्यायचं असं मन कुणामुळं झालं? पहिल्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त उत्तरं आली, बी विकणारा माणूस. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त उत्तरं आली, शेजारी. म्हणजे कळलं एकाकडून आणि पटलं दुसऱ्याकडून. एकच प्रश्न विचारला असता तर अर्धीच गोष्ट समजली असती.

दुसरा अभ्यास तर बायकांवरचाच आहे. अमेरिकेतल्याच डेकॅटर नावाच्या गावात सुमारे ८०० स्त्रियांना विचारलं गेलं की किराणा, कपडे, सिनेमा यांबद्दल तुम्ही ठरवता ते कुणाच्या सांगण्यावरून. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांचं त्यावरचं पुस्तक १९५५ साली निघालं. घरच्या खरेदीच्या बाबतीत रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या बाईचा शब्द जास्त चालतो, असं त्यांना दिसलं. आपल्या आजीनं हे अभ्यासाशिवाय सांगितलं असतं! पण आजीचं सांगणं बैठकीत टिकत नाही, मी ते टिकू दिलं नव्हतं. म्हणून लिहून ठेवायचं.

आमची वही

होळीला आम्ही पुड्या पुन्हा सुरू केल्या आणि एक दोनशे पानी वही आणली. नवा दुकानदार, नवा हॉटेलवाला, कुणीही घाऊक घेणारा आला की त्याचं एक पान. पानावर पाच रकाने. तारीख. गाव आणि धंदा. पहिल्यांदा नाव कुठं ऐकलं. आज फोन का केला. आणि शेवटचा रकाना तीन महिन्यांनी भरायचा, पुन्हा माल घेतला का.

ऐकायला सोपं आहे. पण विचारण्यातही रीत आहे. आम्ही सुरुवातीला चुकलो, त्यातून जे शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट. पर्याय देऊ नका. “दादा, प्रदर्शनात पाहिलंत की व्हॉट्सॲपवर?” असं विचारलं की समोरचा दोनांतलं एक उचलतो आणि मोकळा होतो. ‘मेहुण्यानं सांगितलं’ हे त्याच्या तोंडून येतच नाही, कारण आपण ते विचारलेलंच नसतं. नुसतं विचारायचं, “आमचं नाव पहिल्यांदा कुणाकडून कळलं हो?” आणि गप्प बसायचं. चार क्षण गप्प बसलं की माणूस आठवतो.

दुसरी गोष्ट. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘ओळखीतून’ असं लिहून मोकळं होऊ नका. कोणती ओळख? एका तंबूवाल्यानं सांगितलं, “बारीला कळसूबाई चढून आलेली पोरं जेवायला होती, त्यांच्याकडं तुमची पुडी होती.” आम्ही ‘ओळख’ लिहिलं असतं तर डोंगर चढणारी पोरंही आपलं नाव वाहून नेतात, हे कळलंच नसतं.

तिसरी गोष्ट. भावाची घासाघीस चालू असताना विचारू नका. तेव्हा तो सावध असतो. त्याला वाटतं, ओळखीचं नाव घेतलं तर भाव कमी होईल, किंवा उलट. माल देऊन झाला, पैसे झाले, चहा पुढं आला की मग विचारा.

चौथी गोष्ट. ठरवणाऱ्याला विचारा. माल न्यायला नोकर येतो, तो म्हणतो, “शेठनी पाठवलं.” ते उत्तर नव्हे. शेठना फोनवर एकदा विचारायचं. आणि हॉटेल असेल तर स्वयंपाक्यालाही.

पाचवी गोष्ट. ‘आठवत नाही’ हेही उत्तर आहे. तेही लिहायचं. आपल्या सोयीचं काहीतरी त्यांच्या तोंडी घालायचं नाही. गटातल्या एका ताईनं तीन पानांवर स्वतःच्या भावाचं नाव लिहिलं होतं. आम्ही हसलो, पण मग नियम केला की ज्या बाईनं माल दिला तिनं लिहायचं नाही, शेजारी बसलेलीनं लिहायचं.

सहावी गोष्ट. सांगणाऱ्या माणसाचा फोन नंबर किंवा पूर्ण नाव त्याला न विचारता वहीत घेऊ नका. ‘एसटी चालक, संगमनेर’ एवढं पुरतं. आपल्याला वाट शोधायचीय, माणसाच्या मागं लागायचं नाही.

टिकलीची युक्ती

नुसत्या आठवणीवर विसंबू नये, म्हणून एक सोपी युक्ती केली. पुड्यांवर आणि पाकिटांवर रंगीत कागदी टिकली लावली. एसटी स्टँडवर दिलेल्या पुडीला लाल, प्रदर्शनातल्याला हिरवी, आठवडे बाजारातल्याला पिवळी, हॉटेलांत ठेवलेल्याला निळी. दुकानदार बऱ्याचदा पाकिटाचा फोटो पाठवून विचारतो, “हाच माल मिळेल का?” फोटोत टिकली दिसली की कळतं, पाकीट कुठून फिरत आलंय. नाशिकहून एका दुकानाचा फोटो आला, त्यावर लाल टिकली. राजूरच्या स्टँडवरची पुडी कुठवर गेली बघा!

टिकलीलाही मर्यादा आहे. ज्याच्या हातात पाकीट आहे त्याचंच ती सांगते. ज्यानं नुसतं ऐकलंय त्याचं नाही. म्हणून टिकली आणि प्रश्न, दोन्ही हवेत. दोघांचं उत्तर जुळलं तर भरवसा वाढतो. नाही जुळलं तर पुन्हा विचारायचं.

तिसरा उपाय थांबवून बघण्याचा. एक गोष्ट एका ठिकाणी बंद ठेवायची, दुसऱ्या ठिकाणी चालू ठेवायची. आम्ही दोन महिने कोतूळच्या बाजारात पुड्या दिल्या आणि अकोल्याच्या बाजारात दिल्या नाहीत. मग दोन्हीकडून किती नवे फोन येतात ते पाहिलं. पण यात एक सांभाळायचं. दिवाळीचा महिना आणि आषाढाचा महिना यांची तुलना करू नका. लग्नसराई, काजव्यांचा हंगाम, भातलावणी, या सगळ्यांनी विक्री वरखाली होते. तुलना एकाच महिन्यातल्या दोन गावांची करा. तेही लगेच निकाल मागू नका, कारण आधी सांगितलं तसं दुकानदार उशिरा हलतो. माझी चूक तिथंच झाली होती. पुड्या थांबवल्या आणि दोन महिने काही बिघडलं नाही म्हणून मी निश्चिंत झाले.

वहीनं काय सांगितलं

होळी ते दिवाळी या काळात आमच्याकडं सव्वीस नवी घाऊक गिऱ्हाइकं आली. दिवाळीनंतरच्या बैठकीत मी वही वाचून दाखवली.

पहिल्यांदा नाव कुठं ऐकलं? सव्वीसपैकी पंधरा जणांनी कुठल्या ना कुठल्या माणसाचं सांगितलं. त्यात पाच चालक-वाहक आणि पिकअपवाले, चार दुसरे दुकानदार, तीन नातेवाईक, तीन शिक्षक किंवा दवाखान्यातले कर्मचारी. चौघांनी प्रदर्शन म्हटलं. दोघांनी हॉटेलात जेवताना चव घेतली होती. दोघांनी मोबाईलवर पाहिलं होतं. तिघांना आठवत नव्हतं.

आणि आज फोन का केला? इथं चित्र बदललं. आठ जण म्हणाले, हंगाम आला, माल लागत होता. सात जण म्हणाले, प्रदर्शनात तुम्हाला पाहिलं, परवाना-बिल पाहिलं, खात्री पटली. सहा जणांना व्हॉट्सॲपवर दरपत्रक आलं होतं. पाच जणांना दुसऱ्या दुकानदारानं घे म्हणून सांगितलं.

म्हणजे प्रदर्शन फुकट गेलं असं मुळीच नाही. नाव ऐकवण्याचं काम त्यानं कमी केलं, भरवसा बसवण्याचं जास्त केलं. पुड्यांनी नाव नेलं, प्रदर्शनानं चेहरा दाखवला, दरपत्रकानं फोन करायला लावला. आमच्या जुन्या हिशोबात यांतल्या एकालाच सगळं श्रेय होतं.

शेवटचा रकानाही बोलका निघाला. माणसाच्या सांगण्यावरून आलेल्या पंधरांपैकी अकरांनी तीन महिन्यांत पुन्हा माल घेतला. प्रदर्शनातच पहिल्यांदा नाव कळलेल्या चौघांपैकी दोघांनी.

आता मी इथं थांबून तुम्हाला सावध करते, जसं बैठकीत केलं. सव्वीस हा लहान आकडा आहे. चारांपैकी दोन म्हणजे निम्मे, पण एक जरी इकडचा तिकडं झाला तरी चित्र पालटतं. शिवाय माणसाची आठवण दगा देते. शेवटचं पाहिलेलं आठवतं, पहिलं ऐकलेलं विसरतं. काही जण आपल्याला बरं वाटावं म्हणूनही एखादं उत्तर देतात. तेव्हा या वहीला तराजू समजू नका. अंधारात हातात कंदील असावा तशी ती आहे. वाट पूर्ण दिसत नाही, पण पाय कुठं टाकायचा ते कळतं. आमच्या आकड्यांवरून तुमचा निर्णयही घेऊ नका. तुमच्या गावाची वाट वेगळी असेल. कुणाची वाट कीर्तनातून जात असेल, कुणाची शाळेच्या पोषण आहाराच्या ताईंकडून, कुणाची दूध डेअरीवरून.

मग पैसा कुठं घालायचा

वही वाचून झाल्यावर आम्ही चार ठराव केले. नमुना पुड्यांचा खर्च सहाशेवरून नऊशे केला आणि कॅशबुकात त्याला ‘फुकट वाटप’ न म्हणता ‘नाव पोचवण्याचा खर्च’ असा स्वतंत्र रकाना दिला. नावानं फरक पडतो बरं का. ‘फुकट’ लिहिलेलं कुणालाही बंद करावंसं वाटतं.

दुसरा, मोबाईलवरच्या जाहिरातीचे पंधराशे थांबवले. त्याऐवजी एक स्वच्छ दरपत्रक केलं. त्यात भाव, परवाना नंबर, माल किती दिवसांत पोचेल, किमान किती घ्यावा लागेल आणि खराब निघाला तर काय, एवढं सगळं एका फोटोत मावेल असं. कारण दुकानदाराला दुसऱ्या दुकानदाराकडं काहीतरी ढकलायला लागतं. ते आपण तयार ठेवायचं.

तिसरा, प्रदर्शनं कमी केली, पण बंद नाही. जिथं आसपासचे दुकानदार येतात तिथंच जायचं. आणि जाण्याआधी आठ दिवस ओळखीच्या दुकानदारांना कळवायचं की आम्ही येतोय. संगमनेरच्या दादांसारखे किती जण आपल्याला शोधत असतील.

चौथा ठराव जरा वादाचा झाला. कुणीतरी सुचवलं, जे चालक, जे शिक्षक आपलं नाव सांगतात त्यांना कमिशन द्या. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं, नाही द्यायचं. त्यांच्या शब्दाला वजन आहे ते त्यांना त्यातून काही मिळत नाही म्हणूनच. पैसे दिले की तो सल्ला राहणार नाही, ती दलाली होईल, आणि दुकानदाराला ती लगेच ओळखू येते. त्याऐवजी दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचं एक पाकीट आणि “तुमच्यामुळं आमचं नाव गेलं” हे दोन शब्द. यात ज्यांना पटत नाही त्यांचा मी मान राखते, पण आमच्या गटाचा निर्णय हा असा.

शेवटचं

त्या बैठकीत वही वाचून झाल्यावर मी सगळ्यांसमोर आजींना म्हटलं, “आजी, तेव्हा चूक माझी होती. कागदावर दिसलं नाही म्हणून मला वाटलं, नाहीच.” त्या म्हणाल्या, “अगं, पेरलेलं दुसऱ्या दिवशी दिसतं का?” मग पिशवी उचलून स्टँडवर निघून गेल्या, कारण मुक्कामाची गाडी यायची वेळ झाली होती.

आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत. कुणी सुनेच्या माहेरी पापड पाठवते, कुणी दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या मसाल्याबद्दल सांगते. त्यांचं काम हिशोबात येत नाही म्हणून त्यांना बैठकीत बोलायलाही संकोच वाटतो. आकड्यात न दिसणारं काम बहुतेक वेळा बायकांचंच असतं, घरातही आणि धंद्यातही. ते लिहिलं तर दिसेल.

म्हणून या महिन्याचा अभ्यास. एक वही घ्या. या महिन्यात जो कुणी नवा दुकानदार, खानावळवाला, हॉटेलवाला माल नेईल, त्याला चहा द्या आणि दोनच प्रश्न विचारा. आमचं नाव पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत? आणि आज फोन करावासा का वाटला? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. दहा पानं भरली की ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि त्यातल्या एखाद्या पानावर तुमच्याच गटातल्या गप्प बसणाऱ्या बाईचं काम सापडलं, तर त्या दिवशी तिला पुढं बसवा.

भेटू पुढच्या महिन्यात. तोवर राजूरहून सगळ्या मैत्रिणींना नमस्कार.